कर्त्याविना प्रवास : मराठी हिमालयीन पदभ्रमणवर्णने आणि रूपकुंड

प्रास्ताविक

हिमालयाविषयीच्या मराठी लेखनाचा विचार सामान्यतः दोन अंगांनी केला जातो. एक तीर्थयात्रेचे आणि दुसरे गिर्यारोहण मोहिमेचे. या दोहोंच्या मधला एक तिसरा प्रकार आज संख्येने सर्वांत मोठा असूनही समीक्षेच्या कक्षेत फारसा आलेला नाही. संस्थेने किंवा कंपनीने आखलेले, ठरावीक शुल्क भरून वाटाड्यासह करावयाचे सात-आठ दिवसांचे पदभ्रमण, आणि परतल्यावर त्यावर लिहिलेला लेख, असा हा प्रकार आहे. दिवाळी अंक, दैनिकांच्या रविवार पुरवण्या, गिरिभ्रमण मंडळांच्या स्मरणिका आणि महाविद्यालयीन नियतकालिके यांतून असे लेखन विपुल प्रमाणात प्रसिद्ध होत असते. 1949 मध्ये स्थापन झालेल्या यूथ होस्टेल्स असोसिएशनच्या अल्प शुल्कातील पदभ्रमणांनी हिमालय मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला आणि पुढे खाजगी कंपन्यांनी त्याचा व्यवसाय केला. खानदेशापुरते बोलायचे तर मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना भुसावळ जंक्शनवर दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत पाठपिशव्या घेऊन उभी असलेली मंडळी हे आता सवयीचे दृश्य झाले आहे. त्यांत शिक्षक असतात, दीपनगरच्या वीज केंद्रातील कर्मचारी असतात आणि आमचे विद्यार्थीही असतात.

हे लेखन हौशी आहे, तेव्हा त्याला समीक्षेचे निकष कशाला लावायचे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपण पदवीच्या वर्गात शिकवतो आणि विद्यार्थ्यांकडून त्याचे लेखनही करून घेतो. विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्षात जो नमुना असतो तो ‘अपूर्वाई’चा नसून या पुरवण्यांमधील लेखांचा असतो. त्यामुळे या नमुन्याची घडण तपासणे हे आपलेच काम ठरते. प्रस्तुत लेखात ही तपासणी प्रामुख्याने एका प्रश्नापुरती मर्यादित ठेवली आहे. या वर्णनांत वाटाड्या कोठे असतो, हा तो प्रश्न.

क्रियापदांची साक्ष

अशा लेखांची बाह्य रचना सर्वपरिचित आहे. पहिला दिवस, दुसरा दिवस अशी विभागणी, प्रत्येक तळाची फुटांत दिलेली उंची, खिंडीच्या अलीकडची धाप, खिंडीवरचा जयघोष, आणि शेवटी आयुष्यात एकदा तरी हा अनुभव घ्यावा अशी शिफारस. या साचेबद्धपणाविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण त्यात नवे काही नाही. अधिक लक्षणीय आहे ते या लेखांचे व्याकरण.

तळावर पोहोचल्यावर ‘तंबू लागले होते’. लगेच ‘चहा आला’. सायंकाळी ‘जेवण तयार झाले’. सकाळी ‘सामान पुढे गेले’. बर्फाच्या उतारावर ‘पायऱ्या खोदलेल्या होत्या’ आणि अवघड जागी ‘दोर बांधलेला होता’. यानंतर वाक्य बदलते आणि ‘मी चढलो’, ‘आम्ही खिंड सर केली’ अशी कर्ता ठसठशीतपणे दाखवणारी रचना येते. ज्या क्रियांत श्रम व कौशल्य दुसऱ्याचे आहे त्या अकर्मक क्रियापदांनी किंवा धातुसाधितांनी सांगितल्या जातात, आणि ज्या क्रियेचे श्रेय लेखकाला घ्यायचे आहे तेथे कर्ता हजर होतो. मराठीच्या स्वभावामुळे असे होते, असे म्हणता येणार नाही. भूतकाळातील सकर्मक क्रियापद मराठीत ‘ने’ प्रत्ययाचा कर्ता सहज वागवते. ‘वाटाड्याने पायऱ्या खोदल्या’ हे वाक्य सोपेही आहे आणि नैसर्गिकही. ते टाळण्यासाठी लेखकाला ‘लावणे’ सोडून ‘लागणे’कडे वळावे लागते. हे वळण जाणीवपूर्वक घेतलेले नसेल, पण ते इतक्या लेखांत इतक्या नियमितपणे येते की त्याला योगायोग म्हणवत नाही.

दुसरी गोष्ट आदरार्थी अनेकवचनाची. गटाचा नेता पुण्या-मुंबईचा पंचविशीतला तरुण असला तरी ‘सर म्हणाले’ असे येते. पन्नाशी उलटलेला, त्या वाटेवर शेकडो वेळा गेलेला गढवाली वाटाड्या मात्र ‘म्हणाला’. त्याचे नाव बहुधा येत नाही. आले तर केवळ पहिले नाव, तेही ‘आमचा’ या विशेषणासह. खेचरवाला आणि आचारी यांच्या वाट्याला एवढेही येत नाही. शिखर-मोहिमांच्या वृत्तान्तांत शेर्पांची नावे सापडतात, याचे एक कारण असे की शिखरावर कोण पोहोचले याची यादी ठेवावीच लागते. पदभ्रमणात अशी यादी कोणी मागत नाही.

पूर्वसूरींचा दाखला

मराठी परंपरेत याहून वेगळे लिहिले गेले आहे. विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेकडे गेले ते द्रव्यार्जनासाठी. त्यांचे हस्तलिखित चिं. वि. वैद्य यांनी 1907 मध्ये संस्कार करून प्रसिद्ध केले आणि मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांमुळे 1966 मध्ये उपलब्ध झाला. या लेखनात आपण कोणाच्या आश्रयाने राहिलो, काय मिळाले, काय लुटले गेले याचा हिशेब आहे. परावलंबन लपवण्याची गरज गोडसे भटजींना वाटत नाही.

काका कालेलकरांचा दाखला अधिक नेमका आहे. साताऱ्यात जन्मलेल्या या लेखकाने 1912 मध्ये हिमालयाची पदयात्रा केली. स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर हे सोबती त्यांच्या लेखनात नावानिशी वावरतात. हे पुस्तक त्यांनी गुजरातीत लिहिले आणि ते 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. एका मराठी माणसाच्या हिमालयीन पदयात्रेचे अभिजात वर्णन मराठीत मुळातून नाही, ही आपल्या वाङ्मयेतिहासातील थोडी बोचणारी बाब आहे.

परंतु प्रस्तुत विवेचनाला सर्वांत उपकारक ठरतो तो इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’तील पंढरीच्या वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख. वारी हीसुद्धा आखलेली, मुक्काम ठरलेली, समूहाने करावयाची चाल आहे. कर्वे त्या समूहात काही दिवस चालतात आणि चालता चालता पाहतात की एकाच दिंडीत चालणारे लोक जेवायला मात्र जातीनुसार वेगळे बसतात. हे पाहण्यासाठी त्यांना वाट सोडून कोठे जावे लागले नाही. काही दिवसांच्या पदभ्रमणात स्थानिकांना जाणून घ्यायला वेळ कोठे असतो, या बचावाला ‘वाटचाल’ हे पुरेसे उत्तर आहे.

रूपकुंडाची कथा आणि कथेकरी

वाटाड्या दिसेनासा झाला तर केवळ सौजन्याचा भंग होतो असे नाही. वर्णनाचे ज्ञानमूल्यच घटते. हे रूपकुंडाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूल शिखराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे 5,000 मीटर उंचीवर असलेले हे हिमजन्य तळे जेमतेम 40 मीटर रुंदीचे आहे. वर्षातील बहुतेक काळ ते गोठलेले असते. बर्फ वितळले की काठावर आणि पाण्यात माणसांचे सांगाडे दिसू लागतात. 1942 मध्ये एका वनाधिकाऱ्याच्या नजरेस ते पडल्यापासून रूपकुंडाची ख्याती पसरली. लोहाजंगहून आली आणि बेदिनी ही बुग्याले, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणे, ओलांडून पातर नचौनी आणि भगवाबासा या मार्गाने तेथे जाणारी वाट मराठी पदभ्रमण करणाऱ्यांची दीर्घकाळ आवडती होती.

या वाटेवरील लेखांत एक कथा हमखास येते. कनौजचा राजा जसधवल गर्भवती राणी आणि नर्तकी यांच्यासह नंदादेवीच्या यात्रेला निघाला. पावित्र्यभंगामुळे देवी कोपली. नर्तकी वाटेतच गडप झाल्या आणि उरलेला लवाजमा कुंडापाशी गारांच्या माऱ्यात मेला. मराठी लेखांत ही कथा ‘अशी दंतकथा आहे’ या शब्दांनी येते आणि दोन परिच्छेदांत संपते. ती कोणी सांगितली, कोणत्या भाषेत, गाऊन की बोलून, सांगणारा कोणत्या गावचा, तो स्वतः नंदादेवीच्या राजजातीत चालला होता काय, यांपैकी काहीही नोंदवले जात नाही. ही राजजात म्हणजे साधारण बारा वर्षांनी निघणारी मोठी यात्रा. 2000 मध्ये आणि नंतर 2014 मध्ये ती याच वाटेने गेली. ज्याला लेखक ‘दंतकथा’ म्हणतो ती वाटाड्याच्या दृष्टीने यात्रामार्गाची माहिती असू शकते. ‘पातर’ म्हणजे नर्तकी. पातर नचौनी या स्थलनामातच कथेचा एक तुकडा जपलेला आहे. लेखांत मात्र हे नाव केवळ एका तळाचे नाव म्हणून येते, पुढे कंसात उंची.

कथेच्या पुढचा भाग पुण्याशी निगडित आहे आणि तोही या लेखांत क्वचितच नीट येतो. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी 2004 च्या सुमारास या अस्थींचा अभ्यास केला. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोलाकार आघातांच्या खुणा आढळल्या आणि मोठ्या गारांनी मृत्यू ओढवला असावा, या अनुमानाला बळ मिळाले. लोककथा आणि प्रयोगशाळा यांचे असे जुळणे लेखकांना साहजिकच भावले. परंतु 2019 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला (डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी त्याच्या सहलेखिका आहेत) त्याने हे जुळणे बरेचसे विस्कटले. तपासलेल्या 38 व्यक्तींपैकी 23 जणांचा वंश दक्षिण आशियाई, 14 जणांचा पूर्व भूमध्य सागरी प्रदेशाशी निगडित आणि एकाचा आग्नेय आशियाई निघाला. पहिल्या गटाचे मृत्यू साधारण सातव्या ते दहाव्या शतकातील आणि तेही एकाच प्रसंगातले नव्हेत. उरलेल्या 15 जणांचे मृत्यू मात्र त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी, 1800 च्या आसपासचे. ही दूरची माणसे तेथे कशी पोहोचली याचे उत्तर निबंधातही नाही.

समीक्षेच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा प्रश्न निर्माण होतो. पथिकांना जी कथा ऐकवली जाते तीत या नंतरच्या माणसांना जागा नाही. स्थानिक स्मृतीत त्यांच्याविषयी काहीच उरले नाही काय? की कधी कोणी विचारलेच नाही? जसधवलाची कथा पर्यटकाला रुचते म्हणून तेवढीच सांगण्याची रूढी पडली, अशीही शक्यता आहे. कथा सांगणाऱ्यांची नावे, गावे आणि पाठभेद नोंदलेले असते तर हा प्रश्न निदान विचारता आला असता. या वाटेवर गेलेले शेकडो मराठी लेखक नकळत क्षेत्रीय नोंदींचा मोठा साठा जमवू शकले असते. त्यांनी एकच कथा पुन्हा पुन्हा, निनावी, एकाच मुखातून आल्यासारखी लिहिली. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला तिचा काडीचा उपयोग नाही.

बंद झालेली वाट

21 ऑगस्ट 2018 रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली आणि तेथे जाणाऱ्यांच्या संख्येवर 200 ची मर्यादा आणली. रूपकुंडाचे नेहमीचे पदभ्रमण त्यामुळे थांबले. यानंतरच्या मराठी लेखांत एक नवा सूर आला: आम्ही वेळेवर जाऊन आलो म्हणून बरे, आता रूपकुंड बंद झाले. ‘बंद झाले’ हे क्रियापदही पुन्हा अकर्मक! ते कोणी बंद केले, कोणाच्या मागणीवरून, हे पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. याचिका केली होती ती आली-बेदिनी-बगजी बुग्याल संरक्षण समितीने, म्हणजे त्याच कुरणांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघटनेने. दुसरीकडे लोहाजंग-वाण परिसरातील वाटाडे, खेचरवाले आणि घरगुती निवासाची सोय करणारे यांच्या हंगामी उत्पन्नाचा एक आधार त्याच वाटेवर होता. कुरण आणि रोजगार यांच्यातील हा ताण तंबू लावणाऱ्यांच्या घरातला आहे. त्यांच्याशी बोलणे झालेच नसेल तर लेखकाजवळ हळहळीशिवाय दुसरे काही उरत नाही.

हेच दुर्घटनांच्या बाबतीत होते. जून 2024 मध्ये उत्तरकाशीकडील सहस्रताल या उंचावरील तळ्यांच्या वाटेवर खराब हवामानात नऊ पदभ्रमण करणाऱ्यांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी वाटाडा एकदम वाक्याचा कर्ता होतो आणि ‘वाटाड्याने निर्णय चुकवला काय?’ असा प्रश्न विचारला जातो. तो विचारायलाच हवा. परंतु सहा दिवस ज्याला क्रियापद मिळाले नाही त्याला सातव्या दिवशी केवळ दोषापुरते ते द्यावे, हा या गद्याचा न्याय चमत्कारिक आहे.

खानदेशातील वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. सातपुड्यातील अस्तंबा शिखराची यात्रा धनत्रयोदशीच्या सुमारास भरते आणि अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठी नंदुरबार जिल्ह्यातील व सीमेपलीकडील आदिवासी भाविक रात्रीचा डोंगर चढतात. अलीकडे शहरांतील गिरिभ्रमण मंडळेही तेथे येतात आणि परतल्यावर लिहितात. त्या लेखांतही उंची असते, धाप असते, जखमेसाठी तेल मागणाऱ्या अश्वत्थाम्याची दोन परिच्छेदांची दंतकथा असते. वाट दाखवणारा मात्र ‘एक स्थानिक मुलगा’ असतो. तो मुलगा धडगावच्या किंवा तळोद्याच्या महाविद्यालयात आपल्यापैकीच कोणाच्या तरी वर्गात बसलेला असू शकतो, आणि प्रवासवर्णनाचा नमुना म्हणून आपण त्याच्या हाती असाच एखादा लेख ठेवलेला असतो.