सामर्थ्य आणि निवड : लिनक्समधील नियत प्रोग्रामाचा प्रश्न

डेस्कटॉप लिनक्सवर एखादी फाइल उघडताना कोणता प्रोग्राम पुढे यावा, हे ‘फ्रीडेस्कटॉप’च्या संहितेने ठरविले आहे. या संहितेची चर्चा बहुधा सोयी-गैरसोयीच्या अंगाने होते. परंतु तिच्यातील खरा प्रश्न अधिकाराचा आहे.

प्रथम फाइलीचा प्रकार निश्चित होतो. नावाच्या शेवटची अक्षरे पाहून, ती अपुरी पडल्यास आतील बाइटांची खूण तपासून, तिला ‘इमेज/पीएनजी’सारखे प्रकारनाम मिळते. ही नामपद्धती १९९२ मध्ये ई-टपालासाठी निर्माण झाली. टपालाचे शिक्के घरातील कपाटावर मारावेत तसा हा प्रकार. पण शिक्के टिकाऊ निघाले, हे मान्य केले पाहिजे.

यापुढे संहिता दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवते. आपण कोणते प्रकार उघडू शकतो याची घोषणा प्रत्येक प्रोग्राम आपल्या ‘डेस्कटॉप’ फाइलीत करतो. ते सामर्थ्य होय. निवड मात्र ‘माइमअ‍ॅप्स’ नावाच्या सूचीत नोंदली जाते. वापरणाऱ्याची स्वतःची सूची आधी, व्यवस्थापकाची नंतर, वितरणाची त्याहून नंतर असा तिचा क्रम आहे. ही उतरंड निर्दोष आहे, असे माझे मत आहे.

दोष उद्भवतो तो सूची मौन धारण करते तेव्हा. अशा वेळी संहिता घोषणांकडे वळते आणि सामर्थ्यालाच निवडीचे स्थान प्राप्त होते. ‘गिंप’ हा चित्रसंपादक पीडीएफ आयात करू शकतो. त्याची घोषणा सत्य आहे. तथापि वाचण्यासाठी उघडलेला पीडीएफ चित्रसंपादकात अवतरावा, अशी कोणाचीच इच्छा नसते. येथे प्रोग्रामाच्या लोभाला दोष देणे मला अप्रस्तुत वाटते. ‘मला हे येते’ या विधानाचा ‘हे माझे काम आहे’ असा अर्थ लावणाऱ्या नियमाकडेच बोट दाखविले पाहिजे. केडीईने घोषणेसोबत प्राधान्याचा अंक देण्याची सोय केली खरी. पण तो अंक प्रोग्रामाचा कर्ताच लिहितो, म्हणजे वादीच न्यायासनावर बसतो.

व्यवहारात ही पोकळी वितरणांचे संपादक हाताने सूची रचून भरतात. त्याने काम भागते. अधिक गंभीर उणीव निराळीच आहे. वापरणाऱ्याच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्राम त्याच्या खासगी सूचीत लिहू शकतो, आणि सूचीत नोंद असते ती केवळ निवडीची. ती कोणाच्या हातची, हे दर्शविणारे चिन्ह तेथे नाही. वापरणाऱ्याने विचारपूर्वक केलेली निवड आणि एखाद्या प्रोग्रामाने पहिल्याच वेळी गुपचूप घातलेली ओळ, या दोहोंना संहिता समान मान देते.