बोवीचं पोस्टर आणि ग्रंथालयाचं बिल

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या ‘रीड’ पोस्टरांपैकी मला सर्वांत आवडतं ते १९८७ चं, डेव्हिड बोवीचं. हातात दस्तयेव्हस्कीची ‘द इडियट’ आणि सोबत एकच आज्ञा: वाचा. तरी उपदेशाचा वास नाही. रॉक गायकाकडे जाडजूड रशियन कादंबरी पाहूनच कुतूहल चाळवतं.

पण १८७६ साली स्थापन झालेली ही संस्था ग्रंथालयांच्या प्रचाराचं हे साहित्य ग्रंथालयांनाच विकते. संस्था चालवायला पैसा लागतो, त्यामुळे विक्रीला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो विक्रीमुळे ठरणाऱ्या मजकुराला. गिऱ्हाईक ग्रंथपाल, म्हणून पोस्टर त्याच्या भिंतीला शोभेल असं. ते दिसतं मुख्यतः आधीच आत आलेल्या वाचकाला. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं मुख्यतः स्थानिक करांवर चालतात. त्या करांबद्दल, उघडण्याच्या वेळांबद्दल, कर्मचाऱ्यांच्या पगाराबद्दल पोस्टर गप्प. त्यात वाचनाची जाहिरात आहे, ग्रंथालयाची नाही. ग्रंथालयाची बाजू ऐकायला हवी ती कधीच आत न येणाऱ्या करदात्याने, आणि तो काही पोस्टर विकत घेणार नाही.