शतकाच्या याद्या आणि हंगेरियन कादंबरी

न्यूयॉर्कच्या मॉडर्न लायब्ररीने १९९८ साली विसाव्या शतकातील शंभर श्रेष्ठ इंग्रजी कादंबऱ्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात आठव्या स्थानी आर्थर कोस्लर यांची ‘डार्कनेस ॲट नून’ विराजमान आहे. आणि ही कादंबरी मुळात जर्मनमध्ये लिहिली गेली असून डॅफ्ने हार्डी यांच्या अनुवादाने १९४० साली इंग्रजीत आली, या गोष्टीचा त्या पंचमंडळाला पत्ता नव्हता की पर्वा नव्हती, हे ठरविणे मी वाचकांवर सोपवितो. आपल्याकडील व्यासंगी गृहस्थ ही यादी अद्याप शाही फर्मानासारखी पुढे करतात, आणि तिच्या जोडीला आता ‘उपेक्षित’ परदेशी लेखक हुडकून काढण्याचा जो छंद बळावला आहे, त्यानेच मला लेखणी उचलावयास लावले.

लॅटिन अमेरिकेतील अद्भुताचा बहर केव्हाच ओसरला आहे, आणि स्कँडिनेव्हियन खूनकथांविषयी न बोललेलेच बरे. माझा पक्षपात हंगेरियनांकडे आहे, आणि तो मी लपवीत नाही.

देझ्यो कोस्तोलान्यी यांच्या १९२४ सालच्या ‘स्कायलार्क’मध्ये घडते ते एवढेच: कुरूप म्हणून अविवाहित राहिलेली मुलगी आठवडाभर नातेवाइकांकडे जाते, आणि तिच्याच भोवती जीर्ण झालेले वृद्ध आईबाप त्या मोकळ्या दिवसांत खाणावळीतले चमचमीत जेवण, नाटक, जुनी मित्रमंडळी आणि मद्य यांचा आस्वाद घेता घेता अखेर एका रात्री, बापाच्या नशेच्या निमित्ताने, आपल्या वात्सल्याच्या तळाशी साचलेल्या द्वेषासमोर येऊन उभे राहतात. मुलगी परतते आणि सर्व काही पूर्ववत होते. मध्यमवर्गीय कुटुंबातील निमूट क्रौर्याचे इतके संयत आणि इतके निर्दय चित्रण मला अन्यत्र आढळलेले नाही. जॉइसच्या नावावर शिक्कामोर्तब करणाऱ्या यादीकारांना त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही, कारण इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे दप्तर उघडण्याचा त्यांचा रिवाजच नव्हता.

अंताल सेर्ब यांचा नायक मधुचंद्राच्या प्रवासात भलत्याच आगगाडीत चढून पत्नीला दुरावतो; ती कादंबरी १९३७ची, आणि तिचा लेखक १९४५ मध्ये वेठबिगारांच्या छावणीत मारला गेला. शांदोर माराई यांची ‘एम्बर्स’ १९४२ची. लेखकाने १९८९ मध्ये सान दिएगो येथे आत्महत्या केली, आणि २००१ साली पुस्तक इंग्रजीत अवतरून गाजले, तेही मूळ हंगेरियनवरून नव्हे, जर्मन अनुवादावरून! हंगेरियन कादंबरीकार माग्दा साबो किंवा कोस्तोलान्यी यांना त्यांच्या मायदेशी कोणी विसरले नव्हते. विलंब झाला तो इंग्रज प्रकाशकांना, आणि त्या विलंबाचे श्रेय मात्र तेच ‘शोध’ म्हणून पदरात पाडून घेतात. क्रास्नाहोरकाई यांची ‘सातानतांगो’ १९८५ची, तिचा जॉर्ज सिर्तेश यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१२चा, आणि नोबेल २०२५चे. कोणत्या तारखेवर यादीकाराने आपला कालनिर्णय बसवावा?

ज्याला मूळ ग्रंथाची भाषा ठाऊक नाही आणि अनुवादकाचे नावही सांगता येत नाही, त्याने चिरंतनतेची मुखत्यारी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मराठीतही परदेशी कादंबरी बहुधा इंग्रजीच्या देवडीवरूनच आत येते आणि मधल्या माणसाचा उल्लेख कित्येकदा गाळला जातो. ज्या मराठी अनुवादाच्या आरंभी मूळ भाषा, मधली भाषा आणि मधल्या अनुवादकाचे नाव छापलेले नसेल, तो अनुवाद वाचकांनी विकत घेऊ नये.