बिदागी: घेणारा आणि देणारा

कीर्तनाच्या बिदागीवर लिहिणारे घेणाऱ्यालाच धारेवर धरतात. तुकोबांनी देणाऱ्यालाही सोडलेले नाही. कीर्तन करावे तिथले अन्नदेखील कीर्तनकाराला त्यांनी वर्ज्य ठरवले. या कसोटीवर गाडगेबाबा पेचात टाकतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले बाबा दिवसा गाव झाडत, रात्री कीर्तन करत, भाकर मागून खात. पण लोकांचा पैसा त्यांनी घेतलाच. पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा त्यातूनच उभ्या राहिल्या. चरित्रकार ‘निरिच्छ’ म्हणून मोकळे होतात. मला ते अपुरे वाटते. बाबांनी पैसा नाकारला नाही, कीर्तनाचा भाव ठरू दिला नाही. गुरू म्हणवून घेतले नाही, शिष्य केला नाही.

आज अकोला-अमरावतीकडच्या सप्ताहांत अनेकदा आधी आकडा ठरतो, मग तारीख मिळते. कीर्तनकारालाही पोट आहे, हे मान्य. पण मोठ्या आकड्याचा महाराज आणला ही फुशारकी गावाची असते, आणि वर्गणी नापिकीच्या सालीही कास्तकाराच्या दारात येते. कर्ज काढून देवकार्य करू नका, असे बाबा याच मुलखात कीर्तनातून बजावत असत.