‘रक्त कमी आहे’ म्हणजे निदान नव्हे : १९१०चा एक शोधनिबंध यवतमाळमधून वाचताना

आज वाचायला घेतलेला निबंध नोव्हेंबर १९१०चा आहे. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एकाच रुग्णावर लिहिलेला. सिकलसेलचं पहिलं वर्णन म्हणून त्याचा उल्लेख सगळे करतात, वाचतात फार थोडे. यवतमाळ जिल्ह्यातून तो वाचला, की त्याचं बळ कशात आहे आणि तो कुठे कमी पडतो, हे दोन्ही दिसतं.

रुग्ण २० वर्षांचा, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला. निबंधात त्याचं नाव नाही. इतिहासकारांनी ते खूप नंतर शोधलं : वॉल्टर क्लेमंट नोएल. डिसेंबर १९०४मध्ये तो दवाखान्यात आला तेव्हा त्याला दम लागत होता, छाती धडधडत होती, डोळे पिवळट होते, पायांवर जुन्या जखमांचे व्रण होते. तिथले शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी दिसल्या.

निबंधाचं बळ इथे आहे. हेरिक जंतांचा विचार करतात, उपदंशाचा करतात, पण यातलं काहीच नीट बसत नाही. मग ते उगाच एखादं नाव चिकटवत नाहीत. असे आणखी रुग्ण सापडेपर्यंत निदानाचा प्रश्न उघडाच राहील, असं मोकळेपणाने लिहितात. दोष पेशीच्या घडणीतच असू शकेल, असा अंदाजही मांडतात. १९४९मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनच वेगळं असल्याचं दाखवलं, तेव्हा तो खरा ठरला.

उणीव पुढच्या पानांत आहे. नंतरच्या अडीच वर्षांत नोएल पुन्हा पुन्हा आजारी पडतो. त्या नोंदी कधी पित्ताचा त्रास म्हणून येतात, कधी स्नायूंचा संधिवात म्हणून. रक्तातल्या वाकड्या पेशी एका बाजूला राहतात, पोराचं दुखणं दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकच गोष्ट आहे, हे निबंध सांगत नाही. आज आपल्याला कळतं, की त्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि म्हणून हाडं-सांधे असह्य दुखतात.

आता आपल्याकडे या. ‘पोराचं अंग दुखून राहिलं’ म्हटलं की वात. डोळे पिवळे झाले की कावीळ. थकवा आला की ‘रक्त कमी आहे’ आणि लोहाच्या गोळ्या. हेरिक यांनीही लोहाचं औषध दिलं होतं! पण पेशीच लवकर फुटत असतील, तर नुसत्या लोहाने ते थांबत नाही. प्रत्येक दुखण्याला वेगळं नाव मिळतं आणि निदानाची वाट वर्षानुवर्षं लांबते.

सिकलसेल जगाच्या बऱ्याच भागांत दुर्मिळ गणला जातो. विदर्भात तो दुर्मिळ नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. गोंड, परधान या समाजांत आणि अनुसूचित जातींतही तो आढळतो. २०२३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं उद्दिष्ट ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं आहे.

मोहीम हवीच. पण पहिली सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. नवजात बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने सोल्युबिलिटी चाचणी फसू शकते. ‘पॉझिटिव्ह’ एवढ्यावरच फाइल बंद केली, तर धडधाकट वाहक पोरीचं लग्न मोडू शकतं आणि खऱ्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया मिळायचं राहून जातं.

नोएल दंतवैद्य झाला, मायदेशी परतला आणि १९१६मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी गेला. त्याच्या आजाराला ‘सिकलसेल ॲनिमिया’ हे नाव मिळालं १९२२मध्ये. त्याच्या वेळी विचारण्यासारखं काही नव्हतं. तुमच्या हाती अहवाल पडला, तर एवढं जरूर विचारा : एएस की एसएस? आणि उत्तर मिळेपर्यंत, हेरिकसारखा, प्रश्न उघडा ठेवा.