कोहमाऱ्याचे ऊन आणि मराठी निसर्गचित्र

मराठी चित्रकलेतला आज सर्वांत जोमात असलेला प्रकार निसर्गचित्राचा आहे. मोठ्या शहरांत रविवारी सकाळी स्केचबुके घेऊन बाहेर पडणारे गट आहेत, जलरंगाच्या प्रात्यक्षिकांना गर्दी होते, मिलिंद मुळीक यांच्या पुस्तकांवर एक अख्खी पिढी जलरंग शिकली, आणि हिवाळ्यात वाईच्या घाटावर किंवा नाशिकच्या गोदाकाठी ईझल मांडून बसलेला कुणी ना कुणी दिसतोच. हात तयार आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. वॉश सोडण्याची सफाई, पाण्यावरचा ताबा, इमारतीचे यथार्थदर्शन यांत आजचा चांगला हौशी चित्रकारही कमी पडत नाही. पण ही चित्रे शेजारी शेजारी लावून पाहिली की त्याच जागा आणि त्याच वेळा पुन्हा पुन्हा दिसू लागतात. कोकण, सह्याद्रीचे घाट, जुने वाडे, नदीकाठची देवळे, गोव्यातली घरे. आणि वेळ म्हणाल तर पहाट, संध्याकाळ, धुके नाहीतर पाऊस. विदर्भ आणि मराठवाडा दर उन्हाळ्यात ज्या उन्हात भाजून निघतात, ते ऊन या चित्रांत जवळजवळ नाहीच. ही उणीव केवळ विषयांची निवड चुकल्याने आलेली नाही. आपले तंत्र ज्या हवेत घडले ती हवा आपण सोबत घेऊन फिरतो आणि जिथे ती मिळते तिथेच थांबतो, हे तिचे मूळ आहे.

कसोटीच घ्यायची तर गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याला घ्यावी. सडक अर्जुनी तालुक्यातले हे गाव मुंबई–कोलकाता महामार्गावर आहे. इथून एक रस्ता गोरेगाववरून गोंदियाला जातो, दुसरा नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगावकडे. बाहेरचा प्रवासी चौकात चहा घेऊन पुढे निघतो. आजूबाजूला मात्र जंगल आहे, धानाच्या बांध्या आहेत, माजी मालगुजारी तलाव आहेत, कवेलूंची घरे आहेत, राइस मिलची पत्र्याची शेडे आहेत. थोड्या अंतरावर नवेगावबांधचा तलाव, जो कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी बांधल्याचे सांगितले जाते. डोंगरांच्या मधल्या फटी मातीच्या पाळींनी बुजवून पाणी अडवणाऱ्या माणसांची ती करामत आहे, आणि अशा पाळीचा आकार चित्रात धरणे सोपे नाही. मारुती चितमपल्ली यांनी या परिसराला मराठी गद्यात कायमची जागा मिळवून दिली. 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून छायाचित्रकारांचीही रीघ लागली. प्रवासी चित्रकार तेवढा आला नाही. स्थानिक कलाशिक्षक आपापल्या परीने इथे चित्रे काढतात, पण मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांतून दिसणाऱ्या महाराष्ट्रात हा मुलूख क्वचितच असतो. जे. जे. कलाशाळेचे पुढे अधिष्ठाता झालेले आणि अनेक थोर आधुनिक चित्रकारांना शिकवणारे शंकर पळशीकर हे 1917 साली याच महामार्गावरच्या साकोलीत जन्मले. त्यांची वाट व्यक्तिचित्रे आणि प्रतीकांकडे गेली, त्याबद्दल तक्रार नाही. पण या मातीतून निघालेला एवढा मोठा चित्रकार असूनही इथल्या प्रकाशाचे चित्र परंपरेत रुजले नाही.

प्रवासात चित्र काढण्याची पद्धत आपल्याकडे आणली इंग्रज चित्रकारांनी. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे 1786 मध्ये कलकत्त्याला उतरले आणि पुढची काही वर्षे देशभर हिंडले. कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरून ते इमारती बिनचूक टिपत, पण आकाश, पुढचे झाड, कोपऱ्यातली माणसे यांची मांडणी इंग्लंडमधल्या ठरलेल्या रीतीने होई. मंदिर भारतातले आणि हवा टेम्सकाठची, असे त्यांच्या कित्येक अ‍ॅक्वाटिंट पाहताना वाटते. 1857 साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि पुढे तिथून तसेच बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतून पारदर्शक जलरंगाची जी शिस्त आली, तिची मुळे त्याच दमट बेटावर होती. ती मुंबईत आणि कोकणात सहज रुजली, कारण इथलीही हवा ओली. प्र. अ. धोंडांची समुद्राची चित्रे पाहावीत. मोजक्या फटकाऱ्यांत लाट, वाळू आणि आभाळ एकमेकांत उतरतात. कागद ओला राहतो म्हणून हे घडू शकते, आणि कागद ओला राहतो तो खाऱ्या दमट वाऱ्यामुळे. धोंडांनी आपल्या हवेशी इमान राखले, म्हणून ती चित्रे थोर आहेत. पुढच्यांनी त्यातली युक्ती उचलली आणि ती हवा नसलेल्या ठिकाणीही तीच चालवली. त्यामुळे आजच्या प्रात्यक्षिकांत मागचा डोंगर धुरकट निळा, मधली झाडी ओल्यात ओली, पुढे एक गडद आकार, हा साचा भूगोलाची पर्वा न करता येतो.

कोरड्या, तळपत्या प्रदेशाला सामोरे जाणारी परंपरा मराठी माणसांत नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. दत्तात्रय देवळालीकरांनी 1927 साली इंदूरला चित्रशाळा सुरू केली आणि विद्यार्थ्यांना उघड्यावर, माळव्याच्या भक्क उजेडात बसवले. ना. श्री. बेंद्रे तिथूनच आले. सावली काळ्याने न भरता तिच्यातला रंग शोधायचा, हे त्या मंडळींनी डोळ्यांनी शिकून घेतले, आणि बेंद्र्यांच्या प्रवासचित्रांत प्रदेश बदलला की रंगांची बैठकही बदलते ती याच शिक्षणामुळे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान फारसे हिंडले नाहीत. कोटितीर्थ, पंचगंगा आणि आसपासचा परिसर एवढ्यावर त्यांनी आयुष्य काढले, आणि त्याच पाण्यावर बदलत जाणारा प्रहर ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. दोघांचे मार्ग उलटे आहेत, पण जागा जे सांगेल त्याप्रमाणे हात बदलायचा, ही तयारी दोघांतही आहे. ही तयारी आजच्या भरभराटीत पातळ झाली आहे.

कोहमाऱ्यात मे महिन्यात ती तयारी नसेल तर चित्र पहिल्या पाच मिनिटांत मोडते. पारा 44-45 अंशांवर, हवा कोरडी. आकाशाचा वॉश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक वाळून कडक कड धरते. पॅलेटमधला रंग चिकट होतो, ब्रश ओढला की कागद खरवडल्यासारखा निघतो. कागद उन्हात असेल तर आणखी एक घोटाळा होतो: पांढऱ्याच्या झळाळीने डोळा दिपतो, प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा फिका वाटतो, चित्रकार तो गडद करत जातो आणि घरात आणल्यावर सगळे चित्र काळवंडलेले निघते. यावर उपाय आहेत आणि ते जुनेच आहेत. कागद लहान घ्यावा, दोन्ही बाजूंनी भिजवून प्लॅस्टिकच्या फळीवर चिकटवावा, रंगात मधाचा किंवा ग्लिसरीनचा थेंब असावा, कागद नेहमी सावलीत ठेवावा. पण खरा उपाय याच्या पलीकडचा आहे. कडक कड येतेच आहे तर ती स्वीकारावी. या उन्हात समोरच्या दृश्यालाही कडक कडाच आहेत. ओल्यात ओले करून जो मऊपणा आपण ओढून आणतो तो इथे खोटा ठरतो. एकदाच, ठामपणे, शेजारी शेजारी ठेवलेले सपाट डाग, मध्ये उरलेला कागदाचा पांढरा, आणि हवे तिथे अपारदर्शक पोस्टर कलर, ही इथल्या हवेने सुचवलेली पद्धत आहे.

आता उन्हात दिसते काय ते पाहू. कोहमारा 21 अक्षांशाच्या जरासे उत्तरेला आहे, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. लँडस्केपच्या पाठात शिकवलेली लांब, तिरपी सावली तेव्हा नसतेच; झाडाची सावली बुंध्याशी गोळा होते, घराची सावली वळचणीखाली एका पट्टीएवढी उरते. ही पट्टी नीट पाहिली तर सगळे चित्र तिच्यात आहे. शेणामातीने सारवलेल्या किंवा छुईने पांढऱ्या केलेल्या भिंतीवर ती वरून खाली एकसारखी नसते. अंगणातला मुरूम तापलेला, उजळ. त्यावरून उसळलेला उजेड खालून वर चढतो आणि कवेलूंच्या पोटाशी, वाशांच्या खालच्या अंगाला नारिंगी झाक आणतो. म्हणजे छताची आतली बाजू, जी आपण सवयीने काळी भरतो, ती भिंतीवरच्या सावलीपेक्षाही उजळ आणि उबदार असते. भिंतीवर मधल्या भागात सावली निळसर, तळाशी पुन्हा तांबूस. वर आकाश निळे नसून पांढुरके, जवळजवळ भिंतीच्याच टोनचे, त्यामुळे घराची कड आकाशात हरवते आणि वळचणीखालची ती पट्टीच घर उभे करते. इमारत उजेडाने नाही तर सावलीच्या एका रेघेने दाखवायची, हा प्रश्न वाड्याच्या कोरीव दरवाजाहून कठीण आहे आणि चित्रकाराला कितीतरी अधिक शिकवणारा आहे.

रंगाचे म्हणाल तर उन्हाळा म्हणजे तपकिरी, हा समजही टिकत नाही. फाल्गुनात पळस फुलतो, पाठोपाठ कुसुमाची कोवळी पालवी अशी लाल फुटते की लांबून फुलेच वाटावीत. मोहाखालची जमीन फुले वेचण्यासाठी साफ केलेली असते, तिच्यावर फिकट पिवळे ठिपके. इटियाडोहच्या पाण्यावर एप्रिल-मेमध्ये उन्हाळी धान उभे असते आणि भाजलेल्या धुऱ्यांच्या मधोमध तो हिरवा इतका तीव्र दिसतो की भोवतालचा मातीचा रंग जांभळ्याकडे झुकतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, पानांचे पुडके रांगांनी वाळत घातलेले असतात. हिरव्यापासून करड्यापर्यंतची ती श्रेणी सकाळ ते संध्याकाळ बदलत राहते. हे सगळे जागेवर न बसता कळणारे नाही.

पहिला आक्षेप असा येईल की इथे चित्रात घेण्यासारखे आहे तरी काय. ना गड, ना घाट, ना वाडे. हा आक्षेप आपल्या सवयीतून येतो. जो विषय आधीच चित्रासारखा दिसतो तोच चित्राला योग्य मानायचा, हे डॅनियलांच्या काळचे माप आजही चालू आहे. महामार्गावरचा ढाबा, घरकुलाची गुलाबी स्लॅबची खोली, कवेलू काढून टाकलेले निळे पत्रे, विजेच्या तारा, हे सारे आजच्या इथल्या जगण्याचे आकार आहेत. प्रवासी चित्रकार ते गाळतो, फक्त मातीचे घर ठेवतो, आणि एका जिवंत गावाचे जुन्या काळातले स्मारक करून टाकतो. त्या घरात राहणाऱ्याला पत्र्याचे छप्पर हवे असते, हे विसरून काढलेले चित्र दिसायला सुंदर असले तरी अर्धवट राहते.

दुसरा आक्षेप प्रकृतीचा, आणि तो खरा आहे. उष्माघात ही गंमत नव्हे. पण दुपारी उन्हात बसा असे कोण म्हणते? तेंदूपत्ता तोडणारे पहाटे जंगलात जातात आणि ऊन चढेपर्यंत परततात; दुपारी गाव सपरीत, म्हणजे ओसरीत, बसलेले असते. चित्रकारानेही सपरीतच बसावे. ऊन सावलीतूनच चांगले दिसते. तिसरा आक्षेप फोनचा: फोटो काढून घरी रंगवता येते. पण कॅमेऱ्याला एका वेळी अंगण धरता येते किंवा ओसरीचा आतला भाग. एक धरले की दुसरे जळते किंवा काळे होते, आणि आजचे फोन दोन्ही सारखे करून देतात तेव्हा तर ऊनच नाहीसे होते. वर सांगितलेली वळचणीखालची नारिंगी झाक फोटोत सर्वांत आधी जाते.

सर्वांत वजनदार आक्षेप रझांच्या नावाने घेता येतो. सय्यद हैदर रझा 1922 साली मंडला जिल्ह्यात, वनखात्यातल्या अधिकाऱ्याच्या घरी जन्मले; नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग जे. जे.त गेले. तरुणपणी त्यांनी मुंबईचे रस्ते जलरंगांत उघड्यावर रंगवले. मध्य भारताची तापलेली लाल-काळी माती त्यांच्या कॅनव्हासवर भडकून आली ती मात्र कितीतरी वर्षांनी, फ्रान्समधल्या स्टुडिओत, अमूर्त रूपात. मग जागेवर जाण्याचा आग्रह कशाला? चित्र म्हणजे भूगोल नव्हे, स्मृतीही पुरते. हे मला मान्य आहे, पण त्याआधी स्मृती साठवावी लागते. रझांच्या स्मृतीत बालपणीचे जंगल होते आणि उघड्यावर घडलेला डोळाही होता. आज शाळेतून येणाऱ्या मुलाकडे काय असते? शासकीय रेखाकला परीक्षेत, एलिमेंटरीत आणि इंटरमिजिएटमध्ये, स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, बसस्टॉप, शेतातले काम, सारे बंद खोलीत, आठवणीतून. सराव म्हणून मुले आदल्या वर्षांची चित्रे पाठ करतात. गोंदियाच्या मुलाने काढलेल्या शेतात मग दोन त्रिकोणी डोंगर आणि नारळाचे झाड येते, बांधी आणि धुरा येत नाही. स्मरणाची परीक्षा जरूर घ्यावी, पण शेजारी जागेवर बसून काढायच्या चित्राचा एक पेपर असायला काय हरकत आहे? शाळेच्या आवारातली भिंत आणि तिच्यावरची सावली एवढा विषय पुरेसा आहे.

प्रदर्शनांच्या बाबतीतही एक साधी मागणी करता येईल. ‘निसर्गदृश्य 4’, ‘सकाळ’, ‘गावाकडची वाट’ अशा नावांनी चित्रे लागतात. ही वाट कुठल्या गावाची, सकाळ कुठल्या महिन्यातली, हे कळत नाही आणि विचारलेही जात नाही. चित्राखाली ठिकाण, महिना आणि प्रहर लिहिणे सक्तीचे केले तर परीक्षकांना निदान एवढे तरी पाहावे लागेल की सडक अर्जुनीच्या वैशाखातल्या दुपारचे आकाश मालवणच्या श्रावणासारखे का रंगवले आहे.