‘अस्तु’ : विद्वानाचे विस्मरण आणि अनामिकाचे विस्मरण

बीजसंज्ञा : स्मृतिभ्रंश, अल्झायमर, प्रथिनसंचय, मराठी चित्रपट, शुश्रूषा, ग्रामीण वार्धक्य

प्रस्तावना :

वृद्धांच्या विसरण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘म्हातारचळ’, ‘भ्रमिष्ट’, ‘साठी बुद्धी नाठी’ अशी नावे घरोघरी वापरली जातात. त्यांत कधी थट्टा असते, कधी वैताग असतो. मात्र हा एक आजार आहे, ही जाणीव त्यांत नसते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटाने ही जाणीव मराठी प्रेक्षकाला करून दिली. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुमित्रा भावे यांना संवादलेखनासाठी आणि अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्री म्हणून गौरविण्यात आले. तरीही चित्रपटगृहांत तो २०१६ मध्येच पोहोचू शकला. या चित्रपटाने स्मृतिभ्रंशाचे कोणते रूप दाखविले आणि कोणते रूप त्याच्या चौकटीबाहेर राहिले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

रोगाचे शास्त्रीय स्वरूप :

कलाकृतीकडे वळण्यापूर्वी रोगाची ओळख आवश्यक ठरते. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्ट येथे ऑगस्ट डेटर या स्त्रीरुग्णाची तपासणी केली. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत पडलेले तंतूंचे गुंते त्यांना आढळले. बाहेरचे ठिपके अमायलॉइड-बीटा या प्रथिनाच्या तुकड्यांचे आणि आतले गुंते टाऊ या प्रथिनाचे असतात, हे पुढे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. स्मृतिभ्रंशाचे इतरही काही प्रकार अशाच संचयातून उद्भवतात. लेवी पिंडांच्या आजारात अल्फा-सायन्यूक्लीन हे प्रथिन साचते. ललाट व शंख भागांच्या ऱ्हासात काही रुग्णांत टाऊ, तर काहींत टीडीपी-४३ साचलेले आढळते.

ही प्रथिने परकी नाहीत. निरोगी मेंदूतही ती असतात व आपापली कामे करतात. त्यांची घडी चुकली की ती एकमेकांना चिकटतात, आणि एकाची चुकीची घडी शेजारच्या रेणूलाही चुकीची घडी घालायला लावते. अल्झायमरमध्ये हा संचय लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होतो. हा संचयच ऱ्हासाचे मूळ कारण आहे की दीर्घ साखळीतील एक दुवा आहे, याविषयी संशोधकांत अजूनही मतभेद आहेत. मात्र टाऊच्या गुंत्यांचा मार्ग बराचसा ठरलेला असतो. ब्राक पतिपत्नींनी १९९१ मध्ये दाखविल्याप्रमाणे हे गुंते प्रथम स्मृती नोंदविणाऱ्या भागांत दिसतात व नंतर मेंदूच्या उर्वरित बाह्यस्तरात पसरतात. म्हणूनच सकाळचे जेवण आठवत नाही आणि बालपणीचे पाठांतर मात्र दीर्घकाळ टिकते.

‘अस्तु’ची सामर्थ्यस्थळे :

चित्रपटाचा नायक चक्रपाणी शास्त्री हा संस्कृतचा निवृत्त, व्यासंगी पंडित आहे. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्याने या भूमिकेतील गोंधळलेली नजर आणि मधूनच लखलखणारी बुद्धी हे दोन्ही अस्सल उतरले आहे. मुलगी इरा हिच्यासोबत बाहेर पडलेले असताना अप्पांना रस्त्यावरून जाणारा हत्ती दिसतो. लहान मुलाच्या कुतूहलाने ते त्याच्यामागे निघून जातात आणि हरवतात. एकीकडे घरच्यांचा शोध चालतो, तर दुसरीकडे अप्पा माहुताच्या बिऱ्हाडात पोहोचतात. माहुताची कन्नडभाषक बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते आणि अप्पा तिच्यात आपली आई पाहतात.

ही रचना रोगाच्या शास्त्राशी सुसंगत आहे. नजीकचा भूतकाळ पुसला गेल्याने अप्पा मागे मागे सरकत बालपणापर्यंत येतात. चन्नम्माची भाषा वेगळी असल्याने कोणतेही अडत नाही, कारण स्पर्श, घास आणि सूर यांना शब्दार्थाची गरज पडत नाही. अप्पांना त्यांच्या पूर्वीच्या ओळखीकडे खेचून आणण्याची इराची धडपड आणि समोर आहे त्या माणसाला स्वीकारणारी चन्नम्मा, या दोहोंतील अंतर हा चित्रपटाचा गाभा आहे. ‘तसे असो’ हा शीर्षकाचा अर्थ त्यातूनच उलगडतो. शुश्रूषेचा भार वाहणाऱ्या मुलीचा राग, थकवा आणि अपराधभाव लपविला जात नाही, हेही या चित्रपटाचे मोठे श्रेय होय.

मर्यादा :

तथापि दोन प्रश्न उरतात. पहिला स्वीकाराच्या तत्त्वज्ञानाविषयी आहे. चन्नम्माचा सहवास अल्पकाळाचा आहे. रोग मात्र अनेक वर्षे चालतो. थोड्या काळात उमललेले वात्सल्य रोजच्या अंथरुणाच्या, अपरात्रीच्या भटकंतीच्या आणि खर्चाच्या कसोटीला लागत नाही. जिथे निदान, उपचार व साहाय्य मिळूनही रोग हटत नाही, तिथे ‘अस्तु’ म्हणणे हे शहाणपण आहे. परंतु जिथे यातील काहीच पोहोचलेले नाही, तिथे हाच शब्द सामाजिक उपेक्षेचे पांघरूण ठरू शकतो. शिवाय स्वीकार करणाऱ्या दोन्ही व्यक्ती स्त्रियाच आहेत, ही बाब चित्रपट दाखवितो, पण तिच्याशी झगडत नाही.

दुसरा प्रश्न नायकाच्या निवडीचा आहे. जान्हू बरुआ यांच्या ‘मैंने गांधी को नहीं मारा’ (२००५) या हिंदी चित्रपटाचा नायकही निवृत्त प्राध्यापकच आहे. पंडिताने शब्द गमावणे ही शोकांतिका पडद्यावर तत्काळ प्रत्ययास येते, कारण त्याने काय गमावले हे सर्वांना ठाऊक असते. येथे शास्त्राने एक निराळी बाजू दाखविली आहे. अमेरिकेत जोगिणींवर १९८६ पासून झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात मेंदूत भरपूर प्रथिनसंचय असूनही बुद्धी शाबूत राहिलेल्या वृद्धा आढळल्या. शिक्षण व बौद्धिक व्यासंग यांतून मेंदूची एक राखीव शक्ती तयार होते, असे मानले जाते. याउलट ज्यांना अक्षरओळखीची संधीच मिळाली नाही, त्यांना हे कवच लाभत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतातील साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे प्रमाण स्त्रियांत, निरक्षरांत आणि ग्रामीण भागात अधिक आहे. म्हणजे या रोगाचा प्रातिनिधिक भारतीय रुग्ण चक्रपाणी शास्त्री नसून चन्नम्माच्या वर्गातील वृद्ध स्त्री आहे.

मौदा परिसराच्या संदर्भात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. कन्हान नदीकाठचा हा धानाचा टापू आहे. जन्मभर बांधीत रोवणी केलेल्या एखाद्या स्त्रीची कल्पना करावी. हातांची सवय सर्वांत शेवटी जाते, त्यामुळे रोगाच्या प्रारंभीही तिचे हात पऱ्हे बिनचूक लावत राहतील. ती बांधी कोणाची किंवा आज वार कोणता, हे ती विसरली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. लिहिणे, उलटी वजाबाकी करणे, आकृती काढणे अशा रूढ चाचण्या तिला निरोगी असतानाही जमल्या नसत्या. ही अडचण ओळखूनच हरियाणातील बल्लभगड येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत स्वतंत्र चाचणी तयार केली होती. बोलीभाषेतील, परिचित व्यवहारांवर बेतलेल्या अशा साधनांची गरज गावपातळीवर आजही आहे.

लवकर निदान होणे आता केवळ माहितीपुरते महत्त्वाचे राहिलेले नाही. अमायलॉइड हटविणाऱ्या लेकानेमॅब व डोनानेमॅब या औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २०२३ व २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. त्यांचा लाभ मर्यादित आहे, मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका आहे आणि खर्च प्रचंड आहे. विशेष म्हणजे ती केवळ प्रारंभिक अवस्थेतच दिली जातात. ज्या घरात आजार ‘म्हातारचळ’ या नावाखाली वर्षानुवर्षे दडून राहतो, त्या घरासाठी ही अवस्था कोणी पाहण्यापूर्वीच उलटून गेलेली असते.

निष्कर्ष :

‘अस्तु’ने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला थट्टेच्या विषयातून बाहेर काढून त्याची प्रतिष्ठा राखली आणि शुश्रूषा करणाऱ्याचे दुःख मराठी पडद्यावर आणले. हे ऋण मान्य करूनच पुढील अपेक्षा नोंदवावी लागते. या चित्रपटात चन्नम्मा दुसऱ्याच्या विस्मरणाला आधार देते. तीच म्हातारी होऊन विसरू लागली, तर तिच्यामागे कोण शोधत फिरेल? तिची स्मृती कोणत्याही ग्रंथात नोंदलेली नाही. ती गाण्यांत, हातांच्या कसबात आणि जनावरांच्या ओळखीत आहे. ती नाहीशी होताना दिसावी यासाठी वेगळी नजर लागते. अशा अनामिकांचे विस्मरण हा मराठी कथा-कादंबरी आणि चित्रपट यांचा पुढचा विषय व्हावा, कारण ज्या दुःखाला गोष्ट मिळत नाही, त्याच्याकडे समाज आणि आरोग्ययंत्रणा या दोहोंचेही लक्ष उशिरा जाते.